'दिवास्वप्न' आणि आजचा बालवर्ग

काही ग्रंथांच्या वाट्याला एक विचित्र मान येतो. त्यांची नावे सर्वांस ठाऊक असतात, शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत त्यांवर टिपा लिहिल्या जातात, त्यांच्या कर्त्यांच्या जयंत्या साजऱ्या होतात. आणि त्यांत जे सांगितले आहे त्याच्या नेमके उलट वागण्यात कोणासच संकोच वाटत नाही. गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' हे छोटेखानी गुजराती पुस्तक याच जातीचे होय. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते प्रसिद्ध झाले, पुढे अनेक भारतीय भाषांत गेले, आणि आजही ते छापले जाते. ते पुन्हा वाचावे असे आम्हांस वाटले, यास केवळ वाङ्मयीन कुतूहल कारण नाही. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत कारकुनी करणारी, दिल्लीत संसार थाटलेली आमच्यासारखी मंडळी दर हिवाळ्यात एका विषयावर हटकून बोलतात. तो विषय म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचा शाळाप्रवेश. 'त्याला काय काय येते?' हा प्रश्न त्या बोलण्यात इतक्या सहजपणे विचारला जातो, की मुळात प्रश्नच चुकीचा असू शकेल ही शंका कोणाच्या मनास शिवत नाही. ती शंका ज्याने जन्मभर बाळगली, त्याच्या पुस्तकाकडे म्हणूनच वळावयाचे.

गिजुभाई (१८८५–१९३९) हे मूळचे वकील. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले. गुजरातने त्यांस 'मूछाळी मा', म्हणजे मिशांची आई, म्हटले. बालकांविषयी ज्याने एवढे काम केले, त्याचे सर्वांत गाजलेले पुस्तक मात्र बालमंदिराविषयी नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'दिवास्वप्ना'तील लक्ष्मीराम हा शिक्षक प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो. शिक्षणाधिकारी परवानगी देतात. पण वर्षअखेरीस परीक्षा आहे, हे विसरू नका, असेही बजावतात. लक्ष्मीराम पहिल्या दिवशी मोठ्या आत्मविश्वासाने शांततेचा खेळ मांडतो. मुले त्या खेळाचा पार फज्जा उडवतात. मग तो गोष्ट सांगू लागतो, आणि जो वर्ग कोणाच्याने आवरला नसता तो आपण होऊन आवरतो. गोष्टीतून वाचनाची ओढ, वाचनातून वर्गाचे छोटे ग्रंथालय, खेळातून व्याकरण, पाठांतर न करता केलेली नाटके, नखे-केस-टोप्या यांची स्वच्छता. असा तो प्रयोग पुढे सरकतो. सहकारी शिक्षक हसतात, पालक कुरकुरतात. पण वर्षअखेरीस अधिकाऱ्यांचे समाधान होते आणि स्वप्न खरे ठरते.

गोष्ट ही या पुस्तकात केवळ युक्ती म्हणून आलेली नाही. कडू औषधास गूळ लावावा तशी लक्ष्मीरामने ती वापरलेली नाही. भाषेचा आरंभ कानापासून होतो, डोळ्यांपासून नाही, अशी त्याची श्रद्धा आहे. ज्याने शंभर गोष्टी ऐकल्या त्यासच पुस्तकाच्या पानावरील काळ्या खुणांत काहीतरी दडले आहे असे वाटणार, आणि वाटले म्हणजे तो ते शोधू लागणार. अक्षर हे भाषेचे टिपण आहे. जी भाषा अद्याप मनात साठली नाही तिचे टिपण कशाचे करावयाचे? 'दिवास्वप्ना'चा गाभा आमच्या मते हा आहे. उरलेले सारे, ती नाटके, ते खेळ, ती स्वच्छता, याच्याच फांद्या होत.

आता हे पुस्तक आजच्या बालवर्गाशेजारी ठेवून पाहावे. चौथीचा वर्ग म्हणजे नऊ-दहा वर्षांची मुले. त्या वयाच्या मुलांवर पाठांतर, शुद्धलेखन आणि परीक्षा यांचा जो भार होता, तो गिजुभाईंस असह्य वाटला म्हणून त्यांनी हे स्वप्न रचले. आज तोच भार, पोत तोच ठेवून, सहा वर्षांनी खाली उतरला आहे. अनेक खाजगी शाळांतून साडेतीन वर्षांच्या मुलाने इंग्रजीची मोठी अक्षरे रेघेवर काढावीत, चार वर्षांच्याने लहान अक्षरे जोडावीत, पाच वर्षांच्याने शंभरपर्यंत अंक लिहून दोन-चार शब्दांची वाक्ये वाचावीत, अशी अपेक्षा असते. त्यासाठी गृहपाठाच्या वह्या असतात. आणि ज्या बोटांची हाडे अजून पुरती घट्ट झालेली नाहीत, त्या बोटांत पेन्सिल नीट बसत नाही म्हणून आयांना चिठ्ठ्या येतात. एके काळी पहिलीत जे शिकवीत ते आता पहिलीच्या दारातच मागितले जाते. शाळेने मुलास शिकवावे ही रीत उलटून, शिकलेले मूल शाळेस पुरवावे, अशी रीत पडली आहे.

ही केवळ आमच्या राजधानीची हौस आहे असेही समजू नये. अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलांसाठी जो बालवर्ग असतो, त्याच्या शिक्षकांची १९९८ आणि २०१० या दोन वर्षांतील मते व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी ताडून पाहिली व २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मुलाने बालवर्गातच वाचावयास शिकले पाहिजे, असे १९९८ मध्ये शेकडा ३१ शिक्षकांस वाटत होते; २०१० मध्ये ते प्रमाण शेकडा ८० झाले. त्याच काळात संगीत व चित्रकला यांचा वाटा घटला. बारा वर्षांत मुले बदलली नाहीत. मोठ्यांचा धीर मात्र सुटला. फ्रोबेलने १८४० साली जर्मनीत बालवर्गास 'मुलांचा बगीचा' या अर्थाचे नाव दिले, तेव्हा त्याच्या मनात माळ्याचा संथपणा होता. झाडास रोज उपटून मूळ किती वाढले हे पाहणारा माळी त्याने कल्पिला नव्हता.

येथवर 'दिवास्वप्ना'ची बाजू घेतली. पण टीकेचे काम केवळ बाजू घेण्याने संपत नाही. वाङ्मयकृती म्हणून या पुस्तकात काही उणिवा आहेत, आणि विशेष हे, की त्याचा विचार समाजात का रुजला नाही याचेही उत्तर त्या उणिवांतच सापडते. पहिली उणीव ही, की लक्ष्मीरामचे नशीब फार चांगले आहे. त्यास सहानुभूतीचा अधिकारी लाभतो. त्याची बदली होत नाही. वर्षाच्या मध्यास दुसरा अधिकारी येऊन आधीचे हुकूम फिरवीत नाही. कचेरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत, त्यास हे अधिकारी पाहून लेखकाने पुस्तकास दिलेल्या नावाची सार्थकता पटेल! दुसरी उणीव पालकांच्या चित्रणात आहे. ते कुरकुरतात, पण का कुरकुरतात हे समजून घेण्यास लेखक थांबत नाही. ज्या बापाची सारी उन्नती एका परीक्षेच्या निकालावर झाली, त्याने मुलासाठी परीक्षेवाचून दुसरी शिडी कल्पावी कशी? या बापास मूर्ख ठरविणे सोपे आहे; त्याची भीती समजून घेणे कठीण आहे, आणि त्या भीतीस उत्तर दिल्यावाचून कोणतीही शिक्षणपद्धती घराच्या उंबरठ्याच्या आत येत नाही. तिसरी उणीव सर्वांत मोठी. लक्ष्मीरामचा प्रयोग अखेर अधिकाऱ्यांच्याच कसोटीस उतरतो आणि म्हणून यशस्वी ठरतो. ज्या न्यायालयाचा अधिकार नाकारावयाचा, त्याच्याच निकालावर विजय साजरा करावयाचा, हा अंतर्विरोध आहे. 'खेळातून शिकवा, म्हणजे मूल लवकर लिहू लागेल' असे आज जे जाहिरातवजा बोलले जाते, त्याचे बीज या अंतर्विरोधातच आहे. खेळास परीक्षेचा चाकर केले, की तो खेळ उरत नाही.

या दृष्टीने रवींद्रनाथांची 'तोताकाहिनी' ही १९१८ ची छोटी कथा 'दिवास्वप्ना'हून अधिक निर्दय आणि म्हणून अधिक स्पष्ट आहे. राजाच्या राज्यात एक पोपट असतो. तो गातो, उडतो, पण शास्त्र जाणत नाही. त्यास शिक्षण द्यावे असा हुकूम निघतो. सोन्याचा पिंजरा होतो, पंडित येतात, पोथ्यांच्या नकलांचे ढीग पडतात, देखरेख करणाऱ्या भाच्यांची भरभराट होते. पाखरास दाण्यापाण्याऐवजी पोथ्यांची पाने चारली जातात आणि शेवटी ते मरते; राजा त्यास दाबून पाहतो, तो आत केवळ कोरड्या पानांचा सळसळाट होतो. या कथेचा खरा विषय पोपट नाही, खाते आहे. पिंजरा घडविणारा, पोथ्या उतरविणारा, पिंजऱ्याची डागडुजी करणारा, अशा सर्वांचे पोट त्या शिक्षणावर भरते. त्यांतील कोणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण आपले काम चोख करतो. केवळ पाखराकडे पाहण्याचे काम कोणाकडे सोपविलेले नाही. आमच्यासारख्या फायली हाताळणाऱ्यांस ही कथा वाचताना हसू येते आणि लगेच ते ओठांवर थिजते. तथापि उपहासाची एक मर्यादा असते. रवींद्रनाथांनी पोपटास मारले, त्यामुळे पिंजरा उघडल्यावर पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे या कथेत उरला नाही. तो प्रश्न गिजुभाईंनी अंगावर घेतला. त्यांच्या साऱ्या उणिवांसकट हा त्यांचा मोठेपणा आहे.

एक आक्षेप येथेच विचारात घेतला पाहिजे. बालशिक्षणाच्या या चळवळीची प्रेरणा ज्या मारिया माँटेसोरींकडून आली, त्यांनी १९०७ साली रोममध्ये काढलेल्या पहिल्या बालगृहात चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली होती. मग लहान वयात अक्षरे शिकविण्यात बिघडले कोठे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मुद्द्यास अधिक धार आणते. माँटेसोरींच्या बालगृहात मूल खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवीत असे. वाटले तर फिरवी, न वाटले तर उठून पाण्याचे भांडे भरावयास जाई. घाई असलीच तर ती मुलाची होती. वयाचा आकडा हा येथे मुख्य प्रश्नच नाही. चार वर्षांच्या मुलाने लिहिले यात हानी नाही. चार वर्षांच्या प्रत्येक मुलाने अमुक महिन्यात लिहिलेच पाहिजे, आणि न लिहिले तर ते मागे पडले, असे ठरविण्यात हानी आहे. 'मागे पडले' हा शब्दप्रयोग ज्या वयाच्या बालकास लावला जातो, त्या वयात धावण्याची शर्यत असते हेही त्यास ठाऊक नसते.

गिजुभाईंच्या विचाराचा पुढचा अध्याय मराठी स्त्रियांनी लिहिला, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. पण त्यातील एका सूक्ष्म बदलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंसमवेत होत्या; १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीस गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मुले गुरांमागे जातात असे दिसताच शाळा कुरणात नेली. जे शब्द पुढे सरकारी योजनांनी देशभर नेले, त्यांतील 'अंगणवाडी' हा या मातीतला. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक 'दिवास्वप्ना'नंतर वाचले, की स्वप्न आणि दिनचर्या यांतील अंतर कळते. तेथे वर्षअखेरचा विजय नाही. रोजचे नहाणे, रोजचा खाऊ, रोजची गोष्ट आणि उद्या पुन्हा तेच. लक्ष्मीरामने अधिकाऱ्यांस पटविले. या दोघींनी मूल जेथे आहे तेथे जाण्याचे पत्करले. मूल शाळेस लायक आहे का, हा प्रश्न त्यांच्या लेखी निरर्थक होता. शाळा मुलास लायक आहे का, एवढेच त्या विचारीत राहिल्या.

सरकारी कागदपत्रांनी या विचाराचा पुरस्कार केला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९८९ साली आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या पाठीवरील दप्तराविषयी भाषण केले. १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९९३ च्या तिच्या अहवालाने बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात असे सांगितले. २००७ च्या सुमारास दिल्लीत गांगुली समितीच्या शिफारशींनंतर मुलाच्या चाचणीऐवजी घराचे अंतर, शाळेत शिकणारे भावंड अशा गोष्टींस गुण देण्याची पद्धत आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांची चाळणी दंडनीय ठरविली. पण त्या कायद्याची मुख्य हमी सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक सलग टप्पा मानला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने तीन ते सहा वयोगटास पाठ्यपुस्तक नको, परीक्षा नको, शिकणे घरच्या भाषेत व्हावे, असे स्वच्छ लिहिले. त्याच वर्षी केंद्रीय विद्यालयांत पहिलीसाठी सहा वर्षांची अट आली आणि काही विद्यालयांत बालवाटिका सुरू झाल्या.

हे सारे कागद आम्ही मन लावून वाचतो, कारण कागद वाचणे हा आमचा धंदा आहे. आणि म्हणूनच त्यांतील उणे आम्हांस दिसते. प्रत्येक कागद शाळेस काय करू नये हे सांगतो. मूल घरी घेऊन जाणाऱ्या आईबापांच्या मनात काय चालले आहे याचा त्यांत कोठेच उल्लेख नाही. पाठ्यपुस्तक बंद केले की 'कृतिपुस्तिका' येते. परीक्षा बंद केली की 'मूल्यांकन' येते. मुलाखत बंद केली की 'परिचयभेट' येते. शब्द बदलतो, कारण मागणी बदललेली नाही. ही मागणी कोणाची? आमचीच, म्हणजे पगारदार मध्यमवर्गाची. शाळा आमच्या भीतीवर चालतात. आमची भीती नोकऱ्यांच्या टंचाईवर पोसली जाते. आणि तीन वर्षांचे मूल या साखळीच्या टोकाशी बांधलेले असते. 'दिवास्वप्ना'तील ज्या पालकांस गिजुभाईंनी चार ओळींत वाटेस लावले, त्यांच्या वंशजांनीच आजचा बालवर्ग घडविला आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांपुढे या प्रश्नाची एक बाजू अशी आहे, की जी इतरांस तितकी बोचणार नाही. आपल्या घरातील मूल तीन वर्षांपर्यंत मराठी बोलते. चिऊ-काऊची गोष्ट त्यास तोंडपाठ असते. चिऊचे घर मेणाचे का आणि काऊचे वाहून का गेले हे ते सांगू शकते. नीट पाहिले तर या एवढ्या गोष्टीत घटनांचा क्रम आहे, कार्यकारणभाव आहे, संवाद आहे, दाराशी उभ्या असलेल्याची विनवणी आणि आतल्याची टाळाटाळ आहे. वाचनासाठी जी मनाची तयारी लागते ती हीच. पण बालवर्गाच्या मोजपट्टीवर या संपत्तीस एकही गुण नाही. तेथे फळांची इंग्रजी नावे विचारली जातात. मग शिक्षिका सुचविते, की घरी इंग्रजीच बोलत जा, म्हणजे मूल मागे पडणार नाही. आणि ज्या आईस स्वतःस इंग्रजी धड येत नाही ती आपल्या भरघोस मराठीचा त्याग करून, मोजक्या पन्नास इंग्रजी शब्दांत लेकराशी बोलू लागते. मुलाच्या कानावर पडणारी भाषा एकदम दरिद्री होते, आणि ती अशा वयात होते की जेव्हा कान हेच त्याचे पुस्तक असते. अपेक्षा वाढविण्याच्या नादात मुळातील भांडवलच मोडले जाते. दिल्ली, हैदराबाद, भोपाळ, बडोदे, कोठेही जा. मराठी घराण्यांतून मराठी कोणत्या वर्षी गेली याचा शोध घेतला तर अनेक ठिकाणी ते वर्ष मुलाच्या शाळाप्रवेशाचेच निघेल असे आम्हांस वाटते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. दोन्ही गोष्टी आनंदाच्या होत. परंतु बृहन्महाराष्ट्रात मराठीचे भवितव्य संमेलनाच्या मांडवात ठरत नाही. ते साडेतीन वर्षांच्या मुलास रात्री निजताना गोष्ट मिळते की वहीतील अक्षरे गिरवून घेतली जातात, यावर ठरते. आपल्या मंडळांनी आणि वाचनालयांनी गणेशोत्सवातील स्पर्धांच्या जोडीस आठवड्यातून एक तास बालकांस मराठी गोष्टी सांगण्यासाठी राखून ठेवला, ज्यात ना बक्षीस ना प्रमाणपत्र, तर ते गिजुभाईंचे खरे स्मरण होईल. असा तास पालकांच्या भीतीस लहानसे का होईना उत्तरही देईल. कारण गोष्ट ऐकून वाढलेले मूल पुढे कोणत्याही भाषेत वाचू लागते, हे आईबापांस डोळ्यांनी पाहावयास मिळेल.

'दिवास्वप्न' हे परिपूर्ण पुस्तक नाही. त्यातील अधिकारी फार भले आहेत, पालक फार उथळ आहेत आणि शेवट फार गोड आहे. पण त्याने एका शिक्षकास, सारी तयारी फसल्यावर, मुलांसमोर बसून गोष्ट सांगावयास लावले. त्या क्षणी शिक्षकाच्या हाती ना अभ्यासक्रम आहे, ना निकालाची खात्री. आहे तो केवळ शब्द, आणि तो ऐकण्यासाठी शांत झालेली मुले. आजच्या बालवर्गाजवळ चकचकीत साधने पुष्कळ आहेत. ही शांतता नाही. ज्या अर्थी ती नाही, त्या अर्थी हे पुस्तक जुने झाले असे आम्ही मानीत नाही.